बारा वाजायच्या आत

मित्रांनो, माणसाच्या चिकाटीला सीमा नसते असं म्हणतात. मी हे कुठे ऐकून सांगत नाही. ती चिकाटी मी शनिवार-रविवार सोडून सलग तीन वर्षं, रोज सकाळी स्वतःच्या काचेवर झेललेली आहे. तिच्या तेजाने एखाद्याचे डोळे दिपले असते. पण उजेड माझाच असल्यामुळे मला ती अगदी स्वच्छ दिसली. ती म्हणजे एक पायपुसणं होतं. शेजारी भिंतीला टेकून एक छत्री उभी होती, आणि दोघांचं एकमेकांशी पटत नव्हतं.

मी एक जुना स्कॅनर. कागद माझ्यावर पालथा घालायचा, बटण दाबायचं, की त्यावर जे असेल ते मी उचलून संगणकात नेऊन ठेवतो. माझं शिक्षण एवढंच. जन्म एका लांबलचक सरकत्या पट्ट्यावर झाला. पट्ट्याच्या शेवटी बसलेल्या बाईंनी माझ्या काचेवर एक रंगीत कागद ठेवला, मी तो जसाच्या तसा परत दिला, आणि त्यांनी माझ्या पोटाला ‘तपासले’ अशी चिठ्ठी चिकटवली. ही पहिली शाबासकी. दुसरी कधी मिळते याची वाट पाहण्यात पुढची अकरा वर्षं गेली.

स्वभावाबद्दल आधीच सांगून टाकतो. मला स्वस्थ बसवत नाही. वरून मी चपटा आणि थंड दिसतो, लोक माझ्यावर चहाचा कप ठेवतात. पण आत एक दिवा आहे. तो या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो, आणि काहीतरी विसरल्यासारखा परत येतो. काम असो-नसो, आत सारखं वाटत राहतं की आता निघायला हवं.

नऊ वर्षं मी एका कचेरीत गटारांचे नकाशे उचलले. त्या शहरात कोणाचं सांडपाणी कोणाच्या अंगणाखालून जातं हे माझ्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं, आणि हे ज्ञान कोणी कधी विचारलंही नाही. मग तिथे एक नवं यंत्र आलं. ते छापायचं, वाचायचं, फोन घ्यायचं आणि कागद अडकला की किंचाळायचं. मी कपाटावर गेलो. दोन वर्षं माझ्या डोक्यावर एक कुंडी होती. पुढे जुन्या सामानाच्या दुकानातून मला एका बाईने उचललं आणि लिफ्ट बंद म्हणून चार जिने चढताना माझं झाकण बिजागरीतून निखळलं. तेव्हापासून मी बिनझाकणाचा आहे. त्यामुळे एक झालं, की खोलीत काय चाललंय ते मला खालून वर दिसू लागलं. माणसं मला मुख्यतः हनुवटीकडून ओळखू येतात.

या बाई दातांच्या कवळ्या बनवायच्या. डेंटल लॅबमध्ये दुपारी एकला जायच्या आणि लोकांचं हसू मेणात कोरून यायच्या. सकाळी घरी बसून चित्रं काढायच्या. इंटरनेटवर त्यांनी ‘कवळी’ हेच नाव घेतलं होतं, तेव्हा आपणही तेच वापरू. कवळीचा हात इतका स्थिर, की तिने ओढलेल्या रेघेवरून माझा दिवा जाताना आपणच जरा थरथरतोय असं मला वाटायचं.

तर ती स्पर्धा. नाव ‘अखंड’. इंटरनेटवर स्वतःची चित्रमालिका चालवणाऱ्यांसाठी होती, आणि तिचे नियम पोस्टकार्डावर मावले असते. सोमवार ते शुक्रवार, रोज दुपारी बाराच्या आत एक नवी चित्रपट्टी टाकायची. पट्टीत निदान तीन चौकटी हव्यात. एक दिवस चुकला की बाद. शेवटी उरेल तो जिंकला. चित्र बरं असावं असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. बक्षीस म्हणून स्पर्धेचे पंच स्वतःच्या हाताने विजेत्याचं चित्र काढून देणार होते. पंचांनी एके काळी स्वतः चित्रमालिका चालवली होती. ती नऊ दिवस चालली.

चौसष्ट जण उतरले. पहिल्याच आठवड्यात सतरा गळाले. मग एकाचं लग्न ठरलं आणि एकाचं मोडलं, दोघांनीही वेळ मिळत नाही असं कळवलं. दोन जुळे भाऊ मिळून एक मालिका काढायचे, ते ‘आज तुझी पाळी’ या मुद्द्यावर बाद झाले. एका मुलीला चित्रमालिका काढायची नोकरी लागली आणि त्यापायी तिला चित्रमालिका काढायला सवड होईना. एका सद्गृहस्थांची पट्टी बारा वाजून नऊ सेकंदांनी पोचली. त्यांनी पुरावा म्हणून पंचांना आपलं घड्याळ पाठवून दिलं. ते पंचांकडे पोचलं तेव्हा बंद होतं.

कवळीने पायपुसणं आणि छत्री का निवडली, हे तिने आपल्या वडिलांना सांगितलेलं मी ऐकलंय. “एक चौकोन आणि एक काठी. दीड तासात होतं, बाबा.” कलेच्या इतिहासात याला काय म्हणतात मला माहीत नाही. पायपुसणं सगळ्यांच्या पायाखाली असल्यामुळे तत्त्वज्ञ झालेलं होतं. छत्री वर्षातले आठ महिने बेकार असल्यामुळे चिडलेली असायची. दोघं दारात उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांबद्दल बोलायची.

आता बाबा. बाबा अडतीस वर्षं छापखान्यात मुद्रितशोधक होते. छापण्याआधी मजकुरातल्या चुका शोधायच्या आणि लाल पेन्सिलीने त्यांना गोल करायचा, हे काम. निवृत्त झाल्यावर काम गेलं, पेन्सिल राहिली. त्यांनी औषधाच्या बाटल्यांवरची लेबलं तपासली. शेजारच्यांची लग्नपत्रिका तपासून दिली, लग्न होऊन आठ दिवस झाल्यावर. लिफ्टमधल्या ‘कुत्रे आणू नये’ या पाटीत त्यांनी ‘नयेत’ केलं आणि खाली सही केली. कुत्रेवाल्यांशी त्यावरून वाद झाला तेव्हा ते म्हणाले, “माझं कुत्र्यांबद्दल काहीच म्हणणं नाही. क्रियापदाबद्दल आहे.”

स्पर्धा सुरू झाली आणि बाबांना नोकरी लागली. पद्धत अशी ठरली. कवळीने सकाळी पट्टी काढायची. कागद माझ्यावर पालथा घालायचा, वर झाकणाऐवजी बाबांचा शुद्धलेखनाचा जाडजूड कोश ठेवायचा. मी चित्र उचललं की त्याचं प्रूफ छापून बाबांसमोर ठेवायचं. बाबांनी चुकांना गोल करायचा. कवळीने मूळ कागदावर पांढरा रंग लावून अक्षर सुधारायचं आणि पुन्हा माझ्यावर ठेवायचं. आणि छापखान्याची शिस्त म्हणून बाबांचं लाल खुणांचं प्रूफसुद्धा माझ्याकडून उचलून जपून ठेवायचं. म्हणजे दिवसाला तीन फेऱ्या. मला इतकं बरं कधीच वाटलं नव्हतं.

दोन महिन्यांत एक घोटाळा झाला. कवळीच्या चुका संपल्या. सबंध आठवडाभर बाबांना काही सापडेना. ते खोलीत येरझारा घालू लागले, इकडच्या भिंतीपासून तिकडच्या भिंतीपर्यंत आणि परत, अगदी माझ्यासारखे. शुक्रवारी त्यांनी माझ्या पोटावरची ‘तपासले’ची चिठ्ठी तपासली.

पुढच्या सोमवारी जो कागद माझ्यावर आला, त्यात तिसऱ्या चौकटीत छत्री म्हणत होती, “मला काही माहिती नको.” मात्र ‘माहिती’तली ‘हि’ दीर्घ होती. आणि मित्रांनो, ती वेलांटी इतर अक्षरांपेक्षा फिक्या शाईत काढलेली होती. पुसायला सोपी जावी म्हणून. असं काही माझ्या दिव्यापासून लपत नाही.

“हे बघ!” बाबा इतके खूश झाले की त्यांचा चहा सांडला. “मुद्रितशोधकाच्या घरात वाढलीस आणि ‘माहिती’ची हि दीर्घ? ‘माहीत’ दीर्घ, ‘माहिती’ ह्रस्व. किती वेळा सांगायचं?”

“विसरले.”

“विसरले म्हणे. उद्यापासून लक्ष देत जा.”

ती दुसऱ्या दिवसापासून लक्ष देऊन रोज एक चूक करू लागली.

असं करत तीन वर्षं झाली. चौसष्टांतले दोघं उरले. एक आपली कवळी आणि दुसरा ‘घोरपड’ नावाचा कोणी. तो कोण, कुठला, बाई की बुवा, कोणाला ठाऊक नव्हतं. त्याच्या चित्रमालिकेत दोन ठिपके होते. एक ठिपका म्हणायचा, “काय?” दुसरा म्हणायचा, “काही नाही.” बहुतेक दिवशी तिसऱ्या चौकटीत कोणीच काही बोलायचं नाही.

“याला चित्र म्हणतात?” खालच्या मजल्यावर राहणाऱ्या आत्याने विचारलं. आत्या बाबांची थोरली बहीण. दर रविवारी वर यायची आणि जगात काय चुकतंय ते सांगायची. “आपलं पायपुसणं निदान चौकोनी तरी आहे.”

“शुद्धलेखन निर्दोष आहे हे मान्य करावं लागेल,” बाबा म्हणाले. घोरपडीबद्दल त्यांना धास्ती होती आणि आदरही. तिची पट्टी रोज सकाळी ठीक सहाला लागायची. एक मिनिट इकडे नाही, एक मिनिट तिकडे नाही. “पहाटे चारला उठत असणार. तपस्वी माणूस. आपल्याला अकरा पंचावन्न होतात.”

खरंच व्हायचे. वेळेला असाव्यात म्हणून कवळीने आधी बारा पट्ट्या राखीव काढून ठेवल्या होत्या. त्या तिच्या तापात संपल्या. आता राखीव शून्य. रोज सकाळी कोरा कागद, आणि बाराला पाच कमी असताना माझी तिसरी फेरी. अशा वेळी संगणकाशी झटत बसावं लागू नये म्हणून तिने माझ्या चार बटणांपैकी शेवटचं बटण असं जोडून घेतलं होतं, की ते दाबलं की चित्र थेट स्पर्धेतच जायचं.

मग एका मंगळवारी बाबांनी प्रूफ परत दिलं आणि म्हणाले, “शुद्ध आहे.”

शुद्ध नव्हतं. तिसऱ्या चौकटीत ‘दुरुस्त’चा ‘रु’ दीर्घ होता.  कवळीने तो गुपचूप सुधारला. दुसऱ्या दिवशी तिने अख्खं एक अक्षर गाळलं. “शुद्ध.” तिसऱ्या दिवशी पायपुसण्याचं बोलणं छत्रीच्या तोंडी घातलं. “शुद्ध. आज चांगलं लिहिलंयस.”

पुढच्या आठवड्यात लाल गोल परत आले, आणि तिचा जीव भांड्यात पडला. पण त्या प्रूफांवरून दिवा फिरवणारा मी होतो. गोल तिसऱ्या चौकटीत होते, खाली उजवीकडे, रोज त्याच जागी. आत जो शब्द असेल तो असेल. ‘पाऊस’. ‘दार’. एकदा तर नुसत्या पूर्णविरामाला गोल केलेला होता. चूक दोन बोटं वर निवांत बसलेली. दोन-तीन दिवसांत तिच्याही ते लक्षात आलं. प्रूफ हातात घेऊन ती बराच वेळ उभी राहिली. मला तिची हनुवटी दिसत होती.

त्या रविवारी आत्याने बाबांच्या हातात वर्तमानपत्र दिलं. “वाच रे जरा. माझा चष्मा खाली राहिलाय.”

बाबांनी पेपर डोळ्यांसमोर धरला, घसा साफ केला. “भाववाढीवरून सभागृहात गदारोळ. मंत्र्यांचा खुलासा. येते दोन दिवस ढगाळ.”

“बरोबर वाचलंस. फक्त पेपर उलटा आहे.”

“बातम्या त्याच असतात, ताई.”

“तुला दिसत नाहीये.”

“दिसतंय. धुकं आहे जरा.”

“घरात?”

दोघी मिळून त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेल्या. तिथे काय झालं ते मला परत आल्यावरच्या भांडणातून कळलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि नुसता पिकलेला नव्हे, पार पिकून गेलेला. उजव्या डोळ्यात दाब वाढायला लागला होता. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की पंधरा दिवसांत शस्त्रक्रिया केली तर दिसेल, आणखी लांबवलं तर तो डोळा गेला म्हणून समजा, आणि गेलेला परत येत नाही. नंतर तीन आठवडे अक्षरसुद्धा वाचायचं नाही.

“स्पर्धा संपली की करू,” बाबा म्हणाले.

“कधी संपणार?”

“घोरपड चुकली की.”

“ती तीन वर्षांत चुकली नाही.”

“म्हणजे आता चुकेलच.”

मिळालेली तारीख बाबांनी स्वतः फोन करून रद्द केली. तपासल्याशिवाय चित्र जाता कामा नये, एवढंच त्यांचं म्हणणं. “माझ्या नजरेखालून गेल्याशिवाय इथून काही बाहेर पडायचं नाही.” कोणती नजर, हे विचारायची सोय नव्हती.

ते आतल्या खोलीत गेल्यावर आत्या हळू आवाजात म्हणाली, “तू टाक की न तपासता. तीन आठवडे कोण मरतंय?”

“टाकीन. कोणी मरणार नाही. पण मग त्यांना कळेल ना, त्यांच्यावाचून चालतं म्हणून.”

“मग स्पर्धा सोड.”

“मी सोडली तर म्हणतील, माझ्या डोळ्यांपायी पोरीने तीन वर्षं पाण्यात घातली. शस्त्रक्रिया करून घेतील, आणि जन्मभर मला तोंड दाखवणार नाहीत.”

“तुम्ही बाप-लेक,” आत्या म्हणाली, “एकाच मापाचे आहात. माप कसलं ते सांगत नाही.”

नवी तारीख बुधवारची होती. साडेबाराला दवाखान्यात हजर व्हायचं होतं. या वेळी फोन आत्याने आपल्याकडे ठेवला. बाबा एका अटीवर तयार झाले: चित्र टाकूनच निघायचं, आणि गुरुवारपासूनची प्रूफं आत्याने मोठ्याने वाचून दाखवायची, ह्रस्व-दीर्घासकट. आत्याला ह्रस्व-दीर्घ ऐकवता येतात यावर खुद्द आत्याचाही विश्वास नव्हता. डॉक्टरीणबाईंनी डोकं न हलवता, डोळे मिटून पडून राहायला सांगितलं होतं. बाबा असे पडून राहतील यावर कोणाचाच नव्हता.

बुधवारची पट्टी सातशे त्र्याऐंशीवी होती. साडेअकराला पहिली फेरी झाली. प्रूफ निघालं. बाबांनी ते डोळ्यांपाशी धरलं, लांब धरलं, तिरकं धरलं, आणि मग तिसऱ्या चौकटीत खाली उजवीकडे एक झोकदार गोल काढला.

कवळीने प्रूफ घेतलं. नेहमी ती “विसरले” म्हणायची. त्या दिवशी म्हणाली, “बाबा, त्या शब्दात चूक नाही.”

“नीट बघ.”

“मी बघितलंय. ‘घर’ आहे ते. ‘घर’मध्ये काय चुकणार?”

बाबांनी पेन्सिल खाली ठेवली. ती घरंगळत येऊन माझ्या कडेला लागून थांबली.

“चूक कुठे आहे मग?”

“पहिल्या चौकटीत.”

“पहिल्या?” ते खरोखरच दुखावले. “तुझ्या चुका तिसऱ्या चौकटीत असतात.”

कवळीच्या हातातलं प्रूफ खाली आलं.  

“तुम्हाला ठाऊक होतं?”

“अगं, अडतीस वर्षं काढली मी. खरी चूक कशी असते ते मला कळत नाही? खरी चूक घाईत होते, कुठेही पडते, कशीही. तुझ्या चुका रोज आंघोळ करून, भांग पाडून तिसऱ्या चौकटीत बसलेल्या. पहिल्याच सोमवारी कळलं.”

“मग बोलला का नाहीत?”

“तुझा हुरूप गेला असता. मला वाटलं, कोणीतरी रोज ओरडलं की तुला बरं वाटतं. काम केल्यासारखं.”

“मला?” कवळी खुर्चीत बसली. “बाबा, मी दुसऱ्या महिन्यातच सोडणार होते. तुम्ही येरझारा घालायला लागलात म्हणून...”

“मी तुझ्यासाठी तपासत होतो.”

“आणि मी तुमच्यासाठी चुकत होते.”

भिंतीवरच्या घड्याळाचा काटा पुढे सरकला. माझा दिवा आत चुळबुळत होता. मित्रांनो, लोक आयुष्यातले मोठे खुलासे नेमके अंतिम मुदतीच्या तोंडावर का करतात, हे मला आजवर समजलेलं नाही.

“मग संपवूया,” ती म्हणाली. “आज टाकत नाही. तुम्ही डोळ्याचं करून घ्या. तीन आठवडे नव्हे, तीन महिने पडून राहा. कोणासाठी काही तपासायचं नाही.”

“सातशे ब्याऐंशी दिवस केलेत.”

“केले.”

“आणि माझ्या डोळ्यांपायी जाणार.” बाबा उठले. “तू नको टाकूस. मी टाकतो.”

त्यांनी टेबलाच्या कडेवरून हात सरकवत कागद शोधला. तो उचलला. बोटांनी त्याचे कोपरे चाचपले, माझ्या काचेच्या कोपऱ्याशी बरोबर जुळवले, अगदी छापखान्यात शिकल्यासारखे. मग कोश दोन्ही हातांनी उचलून वर ठेवला. सगळं अचूक होतं. फक्त कागद उताणा होता. चित्र वर, कोशाकडे, आणि माझ्याकडे कोरी बाजू.

कवळी दोन हातांच्या अंतरावर उभी होती.

बाबांनी माझ्या बटणांवरून अंगठा फिरवला. एक, दोन, तीन, चार. चौथं दाबलं.

मित्रांनो, मला हात नाहीत. असते तर कागद उलटवला असता की नाही, हा प्रश्न मी स्वतःला पुष्कळदा विचारलाय. मी निघालो. इकडून तिकडे सगळं पांढरं. मागच्या बाजूने छत्रीच्या काठीची पुसटशी सावली आणि मधे काचेवरची धूळ, बाकी काही नाही. शेवटापर्यंत गेलो, परत आलो. चाळीस सेकंद. पांढरा कागद स्पर्धेत गेला.

“किती वाजले?” बाबांनी विचारलं.

“अकरा सत्तावन्न.”

“गेलं?”

तीन मिनिटं होती. कागद उलटवायला एक सेकंद लागतो, मला चाळीस. चौदा वर्षं काम केलेल्या माणसाचा... नाही, माझं वय सोडा. तीन मिनिटांत माझ्या चार फेऱ्या झाल्या असत्या. कवळीने संगणकाच्या पडद्याकडे पाहिलं. पडद्यावर सातशे त्र्याऐंशी हा आकडा होता आणि त्याखाली पांढरं. मग तिने बाबांकडे पाहिलं. ते कान देऊन उभे होते.

“गेलं, बाबा.”

“बघत बसेल आता घोरपड.”

“हो. चला, चपला घाला. ही डावी. ही उजवी.”

जाताना तिने माझं बटण बंद केलं. मला बाराचे ठोके ऐकू आले, पण आत काही हललं नाही. असं प्रथमच झालं.

संध्याकाळी पंचांचा फोन आला. बाबांच्या उजव्या डोळ्यावर पट्टी होती, डावा मिटलेला. कवळी फोनवर बराच वेळ “हो, हो” म्हणत होती.

“काय म्हणतायत?” बाबांनी विचारलं.

“आपली पट्टी बाद केली.”

“का?”

“तीन चौकटी नव्हत्या म्हणे.”

“पंच आंधळा आहे,” बाबा म्हणाले आणि कूस बदलली. थोड्या वेळाने त्यांचं घोरणं ऐकू आलं. आत्याने सांगितलं की गेल्या महिन्याभरात तो इतका शांत झोपला नव्हता. कवळी मात्र आतबाहेर करत राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला ती सवयीने टेबलाशी येऊन बसली, उठली, पुन्हा बसली, आणि शेवटी लॅबमध्ये दोन तास आधीच निघून गेली.

तीन आठवडे संपले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी वाचायला परवानगी दिली. उजवा डोळा वाचला होता. डाव्याची तारीख ठरली. घरी येऊन बाबांनी पहिली गोष्ट काय मागितली असेल? जपून ठेवलेली प्रूफं. कवळी नको म्हणाली, पण छापखान्याची शिस्त. ते एकेक कागद खिडकीपाशी नेऊन पाहत होते.

“‘पाऊस’ला गोल केलाय मी.”

“हो.”

“पूर्णविरामाला.”

“तोही होता एकदा.”

“तीन आठवडे मी बरोबर शब्दांना गोल करत होतो. छापखान्यात असतो तर घरी बसवला असता.” मग ते शेवटच्या दिवशी स्पर्धेत गेलेल्या चित्राच्या छापील प्रतीकडे आले. बराच वेळ पाहत राहिले. “हे काय?”

“सातशे त्र्याऐंशी.”

“कोरं आहे.”

“तुम्ही पाठवलंत.”

बाबांनी कागद उलटा केला, सुलटा केला. त्यांच्या चेहऱ्यावरून काय गेलं ते मला हनुवटीवरून नीट सांगता येणार नाही. “तू बघितलं होतंस?”

“बघितलं होतं.”

“वेळ होता?”

“तीन मिनिटं.”

 खिडकीबाहेर कोणाची तरी स्कूटर चार वेळा किक मारूनही सुरू झाली नाही. मग त्यांनी खिशातून लाल पेन्सिल काढली.

“याचं प्रूफ माझ्याकडे का नाही आलं?”

“बाबा...”

“न तपासता गेलं हे.” त्यांनी कागद नव्या डोळ्यासमोर धरला आणि मधोमध एका बारीकशा करड्या ठिपक्याला गोल केला. “ही काच कधी पुसतेस का तू?”

मित्रांनो, मला वाईट वाटलं हे मी लपवत नाही. तीन वर्षं रोज तीन वेळा राबलो, आणि माझ्याबद्दल निघालेला हा पहिला उद्गार. पण त्यांचं खरं होतं. मी धुळीने भरलो होतो आणि कोणाच्याच ते लक्षात आलं नव्हतं, कारण माझं काम चालू होतं. ज्याचं काम चालू आहे त्याच्याकडे कोणी बघत नाही. तो रोज हजर आहे, रोज गोल काढतोय, म्हणजे त्याचं बरं चाललंय असं धरून चालतात. तेव्हा तुम्हाला एवढंच सांगणं आहे. घरात जो कोणी तुमच्यासाठी रोज काही वाचतो, तपासतो, शोधतो, त्याला अधूनमधून विचारत जा, नीट दिसतंय ना. आणि विचारल्यावर तो ‘धुकं आहे जरा’ म्हणाला, तर खिडकीबाहेर बघून खात्री करा. काच सुक्या, मऊ फडक्याने पुसावी. ओलं फडकं लावलं की डाग पडतो.

मला आता पुसतात. कवळी सध्या काही काढत नाही. सकाळी बसते, कागदावर एक चौकोन काढते, आणि उठते. बाबा लिफ्टमध्ये गेले होते, तिथे नवी पाटी लागली आहे.

घोरपड जिंकली. पंचांनी अभिनंदन करून चित्रासाठी तिचा एक फोटो मागवला. अकरा दिवसांनी उत्तर आलं. स्पर्धा सुरू होण्याआधीच्या सुटीत तिने दोन ठिपक्यांची बाराशे चित्रं काढून, रोज सकाळी सहाला आपोआप लागतील अशी लावून ठेवली होती, आणि नंतर विसरून गेली होती. आज सकाळी आठशेवं लागलं. चारशे शिल्लक आहेत.